पहिला नंबर कोण घेतो, नितेश?

नितेश, तुझ्या तेरवीच्या पंगतीत मी बसले होते. पानात वडे होते, समोर खुर्चीवर तुझा हार घातलेला फोटो होता, आणि मी त्या फोटोकडे बघून विचार करत होते की हा माणूस चोर होता का.

रागावू नको. तू असतास तर रागावला नसतासच, हसला असतास, आणि माझा संशय आणखी वाढला असता. तुझ्या आईनं पानात आणखी एक वडा टाकला. "खाय ना वो मेघा, तुया दोस्ताचं जेवण आहे," म्हणाली. मी तो पानातच ठेवला. रडू आलं म्हणून ठेवला की लाज वाटली म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

झालं असं होतं, की तेरवीच्या आदल्या दिवशी डॉक्टरताईंचा फोन आला. एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या त्यांच्या ट्रस्टच्या लहानशा दवाखान्यात आपण दोघांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालतो. काउंटरवर कुंदाबाई रुग्णाचं नाव-गाव टाकतात, प्रोग्रॅम नंबर देतो, चिठ्ठी छापून निघते, त्या नंबरानं लोक आत जातात. एवढंच काम. ताई म्हणाल्या, "मेघा, नंबर गायब होताहेत गं. सकाळचा पहिला तर कधीच निघत नाही. पहाटे येऊन सगळ्यांच्या पुढे बसलेल्या माणसाच्या हातात दोन नंबरची चिठ्ठी येते. दिवसा मधूनच एखादा जातो. लोक म्हणतात, कुंदाबाई मागच्या दारानं आपली माणसं घुसवते. आणि काही जण म्हणतात..."

"काय म्हणतात?"

"की ही सोय तिला नितेशनंच करून दिली."

कुंदाबाईंना काउंटरवरून उठवून आधीच चादरी धुवायला लावलं होतं. शनिवारी ट्रस्टचे लोक बसणार होते. तोवर कारण सापडलं नाही तर त्यांना घरी पाठवणार, आणि तुझ्या नावाला जो बट्टा लागेल तो लागेल. तू तर उत्तर द्यायला नव्हतास. मेलेल्या माणसावर आळ घेणं किती सोपं असतं रे! समोरून कोणी 'काऊन?' असं उलटून विचारत नाही.

आता तू म्हणशील, मेघे, एका नंबरानं असा काय फरक पडतो? पडतो. आतल्या गावांतली माणसं नदी-नाले ओलांडून पायी येतात. डॉक्टर दुपारपर्यंत जेवढे होतील तेवढे तपासतात, उरलेले रात्री व्हरांड्यात झोपतात आणि दुसऱ्या दिवशी परत रांगेत बसतात. त्यांच्यासाठी नंबर म्हणजे आज घरी जायचं की नाही ते. आणि दुसऱ्यानं मागच्या दारानं नंबर खाल्ला असं एकदा मनात आलं की त्या दवाखान्यातल्या गोळीवरही विश्वास बसत नाही.

मला मात्र कुंदाबाईंच्या आधी तुझाच संशय आला. खरं सांगते. तापानं पडण्याच्या जरा आधी तू नवा प्रोग्रॅम बसवून आला होतास आणि तेव्हापासूनच नंबर जायला लागले होते. त्या नव्या प्रोग्रॅमबद्दल तू मला सगळं सांगितलं नव्हतंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. "तिसरी एक गंमत केली आहे, नंतर सांगतो," एवढंच फोनवर म्हणालास. नंतर म्हणजे कधी, लेका?

आपलं दोघांचं भांडण मुळात प्रोग्रॅम उघडायला लागणाऱ्या उशिरावरून होतं. तिथं दिवसातून कितीदा लाइट जाते ते कोणी मोजत नाही. बॅटरी केव्हाच मेलेली. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद. लाइट आली की कॉम्प्युटर एकवेळ पटकन उठायचा, पण आपला प्रोग्रॅम उठता उठत नसे. पडद्यावर गोल चक्कर फिरत राहायचं. रांगेतला एखादा म्हातारा काउंटरवर हात टेकून विचारायचा, "का झालं वो बाई?" आणि कुंदाबाई म्हणायच्या, "दम धरा बाप्पा, उठून राह्यलं ते!" ताप असलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला किती दम धरायला सांगायचा? तुला ते बघवत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी कारण शोधत होते आणि तू उपाय शोधत होतास.

कारण मला सापडलंही होतं. आपण जावा नावाच्या भाषेत लिहिलेलं कॉम्प्युटरला थेट कळत नाही. मध्ये एक व्हर्च्युअल मशीन असते, हातात धरता न येणारी, कॉम्प्युटरच्या आत चालणारी दुसरी मशीन. ती आपल्या प्रोग्रॅमचे शेकडो तुकडे एकेक करून गोळा करते आणि प्रत्येकाची झडती घेते. हा तुकडा मोडका तर नाही, भलत्या जागी हात तर घालत नाही, सांगतो एक आणि करतो एक असं तर नाही? झडती झाली की मगच त्याला कामाला लावते. बरं, काम सुरू झालं तरी पहिल्या पहिल्या वेळी हळूहळूच करते, कारण कोणती वाट पुन्हा पुन्हा लागणार ते तिला अजून कळलेलं नसतं. आणि लाइट गेली की हे सगळं विसरून जाते. परत पहिल्यापासून झडती.

मला ती मशीन मनापासून आवडायची. कोणावरच भरवसा नाही, अगदी माझ्यासारखी.

"तेच तं," तू म्हणालास. "तुया संशयच उशीर आहे, मेघे. एकदा तपासलं ना? मंग तेच तुकडे रोज रोज काऊन तपासाचे?"

"रोज तपासावं. रात्रीतून कोणी बदललं तर?"

"कोण बदलन बे? अस्वल?"

तू तपासलेल्या तुकड्यांचं एक तयार गाठोडं बांधून ठेवलंस. मशीन उठली की तेच गाठोडं उचलायचं, पुन्हा झडती नाही. मी कटकट केली तेव्हा तूच दाखवलंस की प्रोग्रॅमची फाइल जराही बदलली तर मशीन ते गाठोडं घेत नाही, निमूट जुन्या हळू वाटेनं जाते. मी स्वतः फाइल बदलून बघितल्याशिवाय मानलं नाही. ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे, सकाळी काउंटरला जे लागत नाही, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधांचा साठा, ते मागितल्याशिवाय उघडायचंच नाही. त्यावर मी म्हटलं होतं, "इतकं पटकन उघडतं म्हणजे तू काहीतरी गाळलंस." तू म्हणालास, "गाळलं नाई, मागं ठेवलं." मी म्हटलं, चोरही असंच म्हणतो. तू पोट धरून हसलास.

आणि तिसरी गोष्ट तू सांगितलीच नाहीस.

तू असा होतास की तुझा संशय येणारच. माझे बाबा घुग्घुसच्या खाणीतून रिटायर झाले आणि त्यांची छाती धरली, तेव्हा चंद्रपूरच्या हॉस्पिटलात तू रोज यायचास. डबा आणायचास, बाबांची दाढी करून द्यायचास, वॉर्डातल्या सगळ्यांशी गप्पा मारायचास. मी तुला जिन्यात गाठलं. "नितेश, तुला नक्की काय पाहिजे?" तू विचारात पडल्याचं नाटक केलंस आणि म्हणालास, "चहा." मी चहा पाजला. त्या चहाच्या आड आणखी काहीतरी आहे असं मला वाटत होतं. जन्मभर मी सगळ्यांवरचे सगळे संशय तपासले, तो एकच तपासला नाही. खरा निघाला तर काय करायचं, हे ठरलं नव्हतं माझं.

सिंदेवाहीकडच्या तुझ्या गावी मी एकदाच आले, तेव्हाही तेच. तुझे बाबा तलावात जाळं टाकत होते आणि आपण पाळीवर, बांधावर बसलो होतो. पहिल्याच जाळ्यात मोठी मरळ आली. हातात मावेना एवढी. मी म्हटलं, वा! तर काकांनी ती अलगद पाण्यात सोडून दिली. मी तुझ्याकडे बघितलं. "हे माझ्यासाठी नाटक चाललंय का?"

"आमच्या घरची रीत आहे. पैली पाण्याची. बाबाचा बाबाही सोडे."

"लहान असती तर सोडली असती, मी समजू शकते. पण एवढी मोठी?"

काका पाण्यातूनच ओरडले, "अवो बाई, लहान सोडली तं पाणी म्हणन ना, याले कंजुषी सुचली!" आणि तुम्ही दोघं बापलेक जे हसलात! मला मात्र काही पटलं नव्हतं. मी जाळं पुन्हा टाकेपर्यंत थांबले. दुसऱ्या वेळी आली ती एवढीशी चिंगळी, आणि काकांनी ती टोपलीत टाकली. तेव्हा कुठे मानलं.

तर तेरवी झाल्यावर मी घुग्घुसला घरी न जाता थेट एटापल्लीची बस धरली. वाटेत खनिजाच्या ट्रकांच्या धुळीत खिडकी बंद करून बसले आणि तुझ्याविरुद्ध सगळा खटला मनात मांडला. तू दवाखान्यात भल्या सकाळी का जायचास? सगळे तुला 'भाऊ, भाऊ' का करायचे? कुंदाबाईंच्या घरी तू आंबील प्यायला का जायचास? एवढा गोड माणूस बिनकामाचा गोड नसतो. मला वाटलं, एक-दोन म्हाताऱ्याकोताऱ्यांची दया येऊन तू नंबर राखून ठेवायला लागला असशील. तू तेच केलं असतंस. आणि दयेपोटी केलेली चोरीही चोरीच असते ना रे?

दवाखान्याच्या मागे कुंदाबाई चादरी पिळत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. त्यांनाही माझा संशय आला होता. "तुमी नितेशभाऊले वाचवाले आल्या का मले फसवाले आल्या?" त्यांनी तोंडावर विचारलं. मी म्हटलं, मलाच माहीत नाही. तेव्हा जरा नरमल्या.

"म्या विचारलं होतं भाऊले. पैला नंबर कुठी जाते, म्हणलं. तं हासले. 'पाण्याले गेला, बाई,' म्हणे. 'सकाळचा एकच जाईन. तुमी काई फिकर नका करू, फुरसतीत सांगतो.' आन् मंग ताप आला त्याइले. आता म्या हे कोणाले सांगू? कोण मानन?"

पाण्याला गेला. मी तिथंच धुण्याच्या दगडावर बसले. माझ्या डोळ्यांपुढे ती मरळ आली आणि काकांचे ओले हात. तरी माझं मन म्हणत होतं, थांब, नुसत्या आठवणीवर जाऊ नको, बघ आधी.

काउंटरवर नवी पोरगी बसली होती. तिला चहाला पाठवलं. दुपारची वेळ, रांग संपलेली, खोलीत मी एकटी. शेवटचा नंबर सदतीस गेला होता. मी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली आणि परत लावली. प्रोग्रॅम भरकन उघडला, चक्कर नाही की काही नाही. मनात म्हटलं, शाबास, काम तर चांगलं केलंस. मग खोट्या नावानं एक चिठ्ठी काढली. एकोणचाळीस. अडतीस कुठे? खोलीत माणूस नाही, मागचं दार बंद, मी वायर धरून उभी. म्हणजे चोर माणूस नव्हताच. चोर प्रोग्रॅमच्या आत होता, आणि तो तू ठेवलेला होतास.

मग तू लिहिलेलं उघडलं. तुझी तिसरी गंमत.

मशीन उठली की खऱ्या माणसाच्या आधी तू एक खोटा रुग्ण पाठवत होतास. त्याचं नाव टाकायचं, नंबर काढायचा, नोंद करायची, चिठ्ठी छापायची तयारी करायची आणि छापायच्या आत सगळं पुसून टाकायचं. का, तर पहिल्या माणसाला लागणारा सगळा उशीर त्या खोट्यानं सोसावा. त्याच्या मागून येणाऱ्या खऱ्या माणसाला वाट मळलेली मिळावी. नोंद पुसली जात होती, पण एकदा काढलेला नंबर काही परत येत नव्हता. तुला ते माहीत होतं. शेजारी तू लिहूनच ठेवलं होतंस, 'पहिला पाण्याचा.' पण अरे शहाण्या, काका दिवसातून एकदा तलावात उतरतात! दवाखान्यात लाइट घडीघडी जाते. दर वेळी तुझी मशीन नव्यानं उठणार, दर वेळी तिच्यासाठी तो पहिलाच असणार, दर वेळी एक नंबर पाण्यात. एवढं साधं तुझ्या डोक्यात आलं नाही? आलं असतं, जरा फुरसत मिळाली असती तर. तुला फुरसत मिळाली नाही.

मी खूप रडले. चोर नव्हतास म्हणून रडले. मग आणखी खाली गेले, त्या खोट्या रुग्णाचं नाव काय ते बघायला, आणि रडता रडता एकदम थांबले.

शनिवारी ट्रस्टचे लोक आले. मी सांगितलं, तांत्रिक चूक आहे, कोणी नंबर घेतलेला नाही, मी दुरुस्त करते. त्यात एक जाडजूड चष्म्याचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "तुम्ही त्याच्या मैत्रीण. मेलेल्या मित्राला झाकणारच. खोटा रुग्ण म्हणता, तर दाखवा." कुंदाबाई दाराशी उभ्या होत्या, ओल्या हातांनी. मी माझ्या आयुष्यात कितीतरी जणांना असंच 'दाखवा' म्हटलं आहे. माझ्यावर ही पाळी पहिल्यांदाच आली. दाखवायचं म्हणजे ते नावही दाखवावं लागणार होतं. मी कुंदाबाईंकडे बघितलं आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

चष्मेवाल्यांनी मोठ्यानं वाचलं.

"नाव, मेघा. गाव, घुग्घुस. वय, विचारू नये. तक्रार, जुना संशय. उपचार, नाही. पुढची भेट, उद्या."

डॉक्टरताईंनी खिडकीबाहेर बघितलं. मग कुंदाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या आणि म्हणाल्या, "माय वो! म्हंजे पैल्या नंबरानं रोज तुमीच घुसून राह्यल्या होत्या!" ते चष्म्याचे गृहस्थही हसले. कुंदाबाईंना त्याच दिवशी काउंटरवर बसवलं. त्यांनी आधी खुर्ची पुसली, मग कोणाकडे न बघता बसल्या.

नितेश, मी चिडले आहे तुझ्यावर. जिवंतपणी मला 'चहा' म्हणून टोलवलंस आणि तिथं जंगलात, लाइट येईल तेव्हा माझं नाव घेत बसलास. अख्ख्या ट्रस्टसमोर माझी शोभा केलीस. आणि कोणी मला विचारलं, की याचा अर्थ काय, तर मी काय सांगू? तुझी थट्टा होती की दुसरं काही, हे मला तपासायचं होतं. या वेळी खरंच तपासायचं होतं. आता कोणाला विचारू?

दुरुस्ती दोन ओळींची होती. खोट्या रुग्णाला आता खरा नंबर लागत नाही, तो आपल्या वेगळ्या वाटेनं येतो आणि जातो. गाठोडं नव्यानं बांधलं, कारण फाइल बदलली होती आणि मशीननं जुनं गाठोडं नाकारलं, जसं तू म्हणाला होतास तसं. सोमवारी सकाळी पहिल्या नंबरची चिठ्ठी निघाली. आतल्या गावची एक म्हातारी नातवाला घेऊन सगळ्यांच्या पुढे बसली होती. तिनं चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली आणि कुंदाबाईंना विचारलं, "खराच पैला का?" कुंदाबाई म्हणाल्या, "खराच पैला, आजी. जा तुमी." तरी ती दाराशी जाऊन पुन्हा एकदा वळून बघून गेली. मला ती म्हातारी फार आवडली.

नाव मी बदललं नाही. तक्रारही तीच ठेवली, कारण ती आहेच. उपचारापुढे काही लिहावं असं वाटलं होतं, पण डॉक्टर तू नव्हतास आणि मीही नाही. काल दुपारी लाइट गेली, लगेच आली, प्रोग्रॅम उघडला. कुंदाबाईंनी पडद्याकडे बघूनच हाक मारली, "आल्या का वो मेघाबाई?" आता त्या दर वेळी असंच म्हणतात, मी तिथं असले काय आणि नसले काय. आज घुग्घुसला परत आले. इथंही मघाशी लाइट गेली आणि आली, आणि मला वाटलं, तिकडंही गेली असेल, आली असेल, कुंदाबाईंनी हाक मारली असेल. दर वेळी मीच येते, नितेश. तू एकदा तरी ये ना रे.